घरी जोडलेल्या पीसीवर मॅकओएस टाकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की पीसी स्वतः पार्ट आणून जोडला आहे: इंटेल आय-५ १०४००, बी४६० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. आयफोनसाठी ॲप बनवायला शिकायचंय, त्याला ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं, एक्सकोड फक्त मॅकवर चालतं, आणि मॅकसाठी सध्या बजेट नाही. मग याच पीसीवर मॅकओएस चढेल का?

चढेल. पण तुमच्या त्या कार्डावर नाही, आणि हे आधी नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचे आठवडे इथेच वाया जातात. एनव्हिडियाची १०५०, १०६० वगैरे कार्डं मॅकओएसच्या हाय सिएरा या आवृत्तीपर्यंत चालायची. २०१८ मध्ये पुढची आवृत्ती मोहावे आलं आणि ती वाट बंद झाली. १६६० तर त्यानंतरच्या पिढीचं, त्याला मॅकओएसच्या एकाही आवृत्तीत ड्रायव्हर कधी आलाच नाही. यूट्यूबवर कुणी काहीही दाखवो, यावर जुगाड नाही.

तुमची सुटका प्रोसेसरमध्येच आहे. १०४०० मध्ये यूएचडी ६३० ग्राफिक्स असतं आणि तेच ॲपलने स्वतःच्या कित्येक मॅकमध्ये वापरलंय. मॉनिटरची केबल कार्डातून काढून बोर्डाच्या एचडीएमआयला लावायची आणि कॉन्फिगमध्ये, म्हणजे खाली सांगितलेल्या ओपनकोअरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, एक बूट आर्ग्युमेंट (सुरू होतानाची सूचना) टाकून १६६० मॅकओएसपासून लपवायचं. विंडोजमध्ये गेलात की ते कार्ड नेहमीसारखं चालेल. फक्त प्रोसेसरच्या खोक्यावरचं नाव पुन्हा एकदा बघा. १०४०० च्या पुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. मग सेकंडहँड आरएक्स ५७०, ५८० किंवा नवीन आरएक्स ६६०० बघावं लागेल. ही तिन्ही ॲपलच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात. आरएक्स ६५०० आणि ७००० ची मालिका चालत नाही, दुकानदार ‘एएमडी आहे ना, चालेल’ म्हणाला तरी घेऊ नका.

आता हे चालतं कसं. २००६ मध्ये ॲपलने मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली, तेव्हापासून मॅक आणि आपला पीसी आतून जवळजवळ सारखे झाले. फरक उरला तो फर्मवेअरचा आणि एसएमसी नावाच्या एका छोट्या चिपचा, जिच्याकडे मॅकओएस सुरू होताना एक किल्ली मागतं. ओपनकोअर हा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बायोस आणि मॅकओएसच्या मध्ये उभा राहतो, मॅकओएसला ‘हा आयमॅक आहे’ असं सांगतो, आणि त्याच्यासोबत लोड होणारं व्हर्च्युअल एसएमसी त्या चिपच्या जागी उत्तर देतं. मॅकओएसच्या मूळ फाइलींना हात लागत नाही. म्हणूनच कुणी आधीच ‘तयार’ करून दिलेली इन्स्टॉलरची इमेज डाउनलोड करू नका. त्यात काय घातलंय ते कळायला मार्ग नसतो, आणि तुम्ही त्याच मशीनवर पासवर्ड टाकणार आहात. ओपनकोअरसोबत मिळणारी मॅकरिकव्हरी स्क्रिप्ट थेट ॲपलच्या सर्व्हरवरून रिकव्हरी, म्हणजे मॅकओएसचा छोटा इन्स्टॉलर, उतरवते, तीच पेनड्राइव्हवर घ्या. बाकीचे दहा जीबीहून जास्त इन्स्टॉल करताना नेटवरून येतात, म्हणून लॅनची केबल जोडलेली ठेवा. ओपनकोअरमध्ये द्यायची आयमॅक२०,१ ही ओळख तुमच्या दहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला जुळते.

कॉन्फिग फाइलही दुसऱ्याची उचलू नका. डोर्टानियाच्या ओपनकोअर गाइडमध्ये दहाव्या पिढीच्या डेस्कटॉपचं पान आहे, ते समोर ठेवून एकेक ओळ स्वतः भरा. वेळ जाईल, पण पुढे काही अडलं तर कुठे बघायचं हे तुम्हाला माहीत असेल. बायोसमध्ये सिक्युअर बूट आणि सीएसएम बंद, अबव्ह ४जी डीकोडिंग चालू, सीएफजी लॉकचा पर्याय असेल तर तोही बंद.

इन्स्टॉलच्या आधी विंडोजच्या एसएसडीची केबल काढून ठेवा आणि मॅकओएसला वेगळा एसएसडी द्या. एकाच डिस्कवर पार्टिशन पाडून दोन्ही ठेवता येतात, पण मी कुणालाही तसं सुचवत नाही. इन्स्टॉलरमधली डिस्क युटिलिटी उघडली की डावीकडे पूर्ण एसएसडी दिसत नाही. वरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूतून ‘शो ऑल डिव्हायसेस’ करा, मग कंपनीच्या नावाची सगळ्यात वरची ओळ निवडून इरेज करा. फॉरमॅट एपीएफएस, स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप. स्कीमची चौकट दिसलीच नाही तर समजा की तुम्ही डिस्क नाही, तिच्यातला तुकडा निवडलाय. पुढे मशीन तीन-चारदा रीस्टार्ट होईल. दर वेळी ओपनकोअरच्या यादीत ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ निवडायचं, पुन्हा रिकव्हरी नाही.

पहिल्यांदा बूट करताना व्हर्बोज मोड चालू ठेवा, म्हणजे सफरचंदाऐवजी पांढऱ्या अक्षरांच्या ओळी पळताना दिसतील. स्क्रीन थिजली तर शेवटच्या ओळीचा फोटो काढा. त्यात ‘एक्झिट-बीएस स्टार्ट’ असेल तर ओपनकोअरचं काम झालंय आणि कर्नल (मॅकओएसचा गाभा) सुरू झालेलं नाही. अशा वेळी बायोस आणि कॉन्फिगमधले मेमरीचे क्वर्क (अडचणी टाळायचे चालू-बंद पर्याय) तपासायचे, ग्राफिक्सला हात लावायचा नाही.

आणि यूएसबी. मॅकओएस एका कंट्रोलरमागे पंधराच पोर्ट मानतं, आणि निळं यूएसबी ३ चं एक छिद्र दोन पोर्ट धरलं जातं. मॅपिंग, म्हणजे कुठले पोर्ट ठेवायचे ते ठरवणं, केलं नाही तर समोरचे पोर्ट बंद राहतात, ब्लूटूथ गायब होतं, मशीन स्लीपमध्ये जाऊन लगेच जागं होतं. विंडोजमध्ये यूएसबी टूलबॉक्स चालवा, प्रत्येक छिद्रात एकदा जुना आणि एकदा यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह घाला, लागतात तेवढेच ठेवा. काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या घरचं मशीन ज्या दिवशी हे मॅपिंग झालं त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने वापरण्याजोगं झालं.

मॅकओएसची आवृत्ती सेक्वोया घ्या, तिच्यानंतरची टाहो नको. टाहोमधून ॲपलने जुना ऑडिओ ड्रायव्हर काढून टाकलाय, त्यामुळे बोर्डावरचा आवाज मिळवायला सिस्टिमच पॅच करावी लागते. एक्सकोड २६ ची पहिली आवृत्ती सेक्वोया १५.६ वर चालते, शिकायला ती भरपूर आहे. आपोआप अपडेट बंद ठेवा आणि चालणारं ईएफआय फोल्डर (ओपनकोअर आणि कॉन्फिग यातच असतात) एका वेगळ्या पेनड्राइव्हवर कायम जपून ठेवा.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. ॲपलच्या लायसन्सनुसार मॅकओएस फक्त ॲपलच्या कॉम्प्युटरवर टाकायला परवानगी आहे. अशी मशीन विकणाऱ्या सायस्टार कंपनीविरुद्ध २००९ मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने निकाल दिला होता. तेव्हा काय करायचं ते हे माहीत असताना ठरवा, आणि कुणाला असा पीसी बनवून पैसे घेऊ नका. दुसरं म्हणजे हा रस्ता संपत आलाय. २०२० मध्ये ॲपलने मॅकसाठी स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला, आणि टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं स्वतः जाहीर केलं. पुढचे एक्सकोड तुमच्या मशीनवर येणार नाहीत.

म्हणून स्विफ्ट ही ॲप लिहायची भाषा जमतेय का, हे काम आवडतंय का, हे कळेपर्यंत हा पीसी खुशाल वापरा, मॅकवर पैसे न घालता. ॲप स्टोअरवर ॲप टाकायची वेळ आली, कुणी कामाचे पैसे देऊ लागलं, की मॅक मिनी घ्या. एम४ वाला २०२४ च्या शेवटी आला तेव्हा ५९,९०० रुपयांपासून होता, आणि मॉनिटर, कीबोर्ड, माऊस तुमच्याकडे आहेतच. क्लायंटची डेडलाइन डोक्यावर असताना असं मशीन अडलं तर तुमच्या मदतीला कुणीही येणार नाही.

बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि एसएसडीचं नाव कमेंटमध्ये टाका. सॅमसंगचा पीएम९८१ असेल तर तो मॅकओएसला चालत नाही, दुसरा लागेल. बोर्डावरून लॅन आणि ऑडिओची चिप कोणती ते बघून कुठले केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) लागतील ते मी सांगतो.