घरात पाय अडतात, मैदानावर चालतात

ताई,
माझे यजमान ६४ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स असल्याचं कळलं. सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. बाथरूमच्या दारात तर त्यांचे पाय खिळल्यासारखे होतात. मी हात धरून ओढते, तेव्हा कुठे आत जातात. काही महिन्यांपासून हे पार्किन्सन्स असलेल्यांच्या वॉकिंग फुटबॉलला, म्हणजे न धावता चालत खेळायच्या फुटबॉलला जातात. मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदाच बघायला गेले. हे चेंडू अडवत होते, वळत होते, पास मागत होते, चक्क हसत होते! घरी आलो आणि पुन्हा दारात अडकले. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथे सगळं जमतं, मग इथेच काय होतं? नाटकं करता का?" तेव्हापासून हे गप्प आहेत. या आठवड्यात खेळायलाही गेले नाहीत. मला खूप वाईट वाटतंय. पण ताई, जे बघितलं ते डोक्यातून जात नाही. हे शक्य तरी कसं आहे?

*

नाटक नाही, हे सगळ्यात आधी सांगते. मैदानावर पाहिलंत ते खरं होतं, आणि घरात रोज पाहता तेही तितकंच खरं आहे. हा आजार असाच आहे.

चालताना आपण पावलांचा विचार करत नाही. हे आपोआप चालणं मेंदूच्या खोल भागातली केंद्रं सांभाळतात, आणि त्यांना डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात, त्यामुळे जे विचार न करता व्हायला हवं तेच अडतं. चेंडू अंगावर येतो तेव्हा गोष्ट बदलते. डोळ्यांसमोर लक्ष्य असतं, पाय कुठे टाकायचा ते दिसत असतं आणि मेंदू हालचालीसाठी दुसरी वाट वापरतो. डॉक्टर याला 'कायनेशिया पॅराडॉक्सा' म्हणतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० साली अशाच एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्याला धड चार पावलं टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवलं की तो सफाईने चालवत होता. अनुभवी डॉक्टरही ते बघून चकित झाले होते, मग तुम्ही गोंधळलात यात नवल काय?

आता तुमचं बाथरूमचं दार घ्या. जागा अरुंद, तिथेच वळायचं, जायची घाई आणि शेजारी कुणीतरी वाट बघत उभं. पाय गोठायला लावणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथे एकत्र आल्यात. त्यात गोळ्यांची वेळ. डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेवोडोपा या औषधाचा अंमल चढतो आणि उतरतो. सकाळची पहिली गोळी लागू होण्याआधीचा वेळ बहुतेकांना फार जड जातो, आणि तुम्ही बटणं लावता ती बहुधा त्याच वेळी. खेळ मात्र गोळी चांगली लागू झालेली असताना होत असणार. खेळून घरी येईपर्यंत अंगातली ताकद संपलेली आणि गोळीही उतरत आलेली असेल. म्हणून त्या दिवशी ते परतल्यावर लगेच अडकले असावेत.

हसण्याबद्दलही सांगते, कारण ते तुम्हाला विशेष लागलेलं दिसतं. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. घरात त्यांचा चेहरा कोरा दिसतो म्हणून ते तुमच्याजवळ नाखूष आहेत असं समजू नका.

हा खेळ त्यांनी सोडू नये असं मला मनापासून वाटतं. वॉकिंग फुटबॉल २०११ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डला, पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी सुरू झाला. धावायचं नाही, एक पाय कायम जमिनीवर, अंगावर जायचं नाही. पार्किन्सन्समध्ये पावलं लहान लहान होत जातात, अंग पुढे झुकतं आणि माणूस आपोआप घाईघाईने चालू लागतो. त्याला 'धावू नको' हा नियम फार उपयोगी पडतो, कारण प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. लाथ मारताना क्षणभर एका पायावर तोल सांभाळावा लागतो. पास मागायला आवाज चढवावा लागतो, आणि याच आजारात आवाज बारीक होत जातो. खेळाने आजार बरा होत नाही. पण नियमित व्यायामाने हालचाल आणि तोल टिकवायला मदत होते, हे आता डॉक्टरही आग्रहाने सांगतात.

पडण्याची भीती मात्र खरी आहे, ती झटकून टाकू नका. अलीकडे ते पडले असतील किंवा उठून उभं राहताना चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांशी आणि फिजिओथेरपिस्टशी बोला. त्यांचे पाय कधी गोठतात हे खेळ घेणाऱ्यांना ठाऊक हवं. पुढची गोळी पिशवीत हवी.

मैदानावरची युक्ती घरातही वापरता येते. बाथरूमच्या उंबऱ्याआधी जमिनीवर उठून दिसणाऱ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावा, पावलागणिक एक. त्या ओलांडायच्या म्हटल्या की पाय उचलला जातो. काहींना आकडे मोजून किंवा ताल धरून जमतं. आणि ओढणं आजपासून बंद करा. पाय जागेवर आणि अंग पुढे, अशाने दोघंही पडाल. पाय अडकले की त्यांना थांबू द्या, श्वास घेऊ द्या, या पायावरून त्या पायावर भार टाकू द्या, मग एक मोठं पाऊल. तेवढा वेळ तुम्ही काही बोलू नका. कठीण आहे, पण करून बघा.

आता तुमच्याबद्दल. त्यांचा दिवसातला सर्वांत चांगला तास मैदानावरच्या सोबत्यांना मिळतो आणि सर्वांत वाईट तास तुम्हाला. सहा वर्षं तुम्ही ते वाईट तास सांभाळताय. तुमच्या तोंडून निघालं ते या थकव्यातून, आणि त्यासाठी मी तुम्हाला दोष देणार नाही. पण यावर उपाय करायला हवा. गोळी लागू झालेल्या वेळातला थोडा वेळ हक्काने स्वतःसाठी मागा. तेव्हा औषधं, दवाखाना, कपडे काही नको. दोघांनी फिरायला जा, गप्पा मारा, जुने फोटो काढून बसा. आणि ते खेळायला जातात तो तास तुमचा. दर वेळी मैदानाच्या कडेला उभं राहायची गरज नाही.

ते खेळायला का गेले नाहीत, याचा मला एक अंदाज आहे. 'खेळलो तर घरात म्हणतील की हा ठणठणीत आहे,' ही भीती त्यांच्या मनात बसली असेल. माफी मागाल तेव्हा नेमकी हीच गाठ सोडवा. म्हणा, "मला हा आजार कळला नव्हता, आता कळलाय. तुम्ही तिथे खेळलात म्हणून घरातला त्रास खोटा आहे, असं मी पुन्हा कधी म्हणणार नाही." आणि हे दारात ते अडकलेले असताना बोलू नका. गोळी लागू होऊ द्या, त्यांना निवांत बसू द्या, मग बोला. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला तर वाक्य त्यांनाच पूर्ण करू द्या.