पेटंट कडक केले की उद्योजक वाढतात का?

पेटंटचे संरक्षण कडक केले तर नवे उद्योजक पुढे येतात आणि अर्थव्यवस्था वाढते का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते संरक्षण किती कडक आहे यापेक्षा ते नेमके कशाला दिले आहे, हे आधी पाहावे. माझी उमेदीची वर्षे औषधनिर्मितीत गेली, म्हणून तिथलेच उदाहरण देतो.

भारताच्या १९११ च्या पेटंट कायद्याखाली औषधाच्या रेणूवरच, म्हणजे त्या मूळ रासायनिक पदार्थावरच, १६ वर्षांची मक्तेदारी मिळू शके, आणि बहुसंख्य पेटंटे परदेशी कंपन्यांच्या हाती होती. १९७० चा कायदा १९७२ मध्ये लागू झाला, तेव्हापासून औषधांसाठी पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळू लागले. कारखान्यात याचा अर्थ एवढाच की रेणू तोच ठेवून तिथवर जाणारी वेगळी वाट शोधायची. नव्वदच्या दशकात तारापूरला आम्ही एका बल्क ड्रगचा (म्हणजे गोळीत जाणाऱ्या मूळ औषधद्रव्याचा) एकच टप्पा बदलण्यात सात महिने घालवले, कारण मूळ कृतीतले महागडे रसायन टाळायचे होते आणि यील्डही, म्हणजे हाती येणाऱ्या मालाचे प्रमाणही, घसरू द्यायचे नव्हते. अखेर फिल्टरवर पांढरीशुभ्र पावडर उतरली, तिचा मेल्टिंग पॉइंट जुळला आणि साहेबांनी प्रयोगवहीत तारीख घालून सही केली. याला कोणी नक्कल म्हटले की मला आजही वाईट वाटते.

या मोकळिकीचे मोल २००१ मध्ये जगाला कळले. एड्सवरच्या तीन औषधांच्या उपचाराला तेव्हा रुग्णामागे वर्षाला १०,००० डॉलरहून अधिक खर्च येत असे. मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तोच उपचार स्वयंसेवी संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरॅपीन ही तीन औषधे तीन वेगळ्या कंपन्यांची होती. रेणूवर पेटंट नसल्यामुळेच ती इथे एका गोळीत आणता आली.

अर्थात या व्यवस्थेत पूर्णपणे नवा रेणू शोधण्यासाठी वर्षानुवर्षे पैसा ओतण्याचे बळ फारसे मिळत नव्हते, हेही मान्य करायला हवे. २००५ पासून रेणूवर २० वर्षांचे पेटंट परत आले. मात्र पेटंट कायद्यातल्या कलम ३(ड) मुळे जुन्याच औषधाचे नवे रूप, त्याची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, पेटंटला पात्र ठरत नाही, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या प्रकरणात हे कलम ठामपणे लागू केले. हा समतोल मला योग्य वाटतो, कारण उद्योग उभा राहण्याआधीच रेणूवर कुंपण घातले असते तर आम्हाला हात बसवायला जागाच उरली नसती.

आपण स्वतः उद्योग सुरू करणार असाल, तर पेटंट घेण्याच्या आधी पेटंटे वाचा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि त्यात कृती उघड करावीच लागते. आमची ती वेगळी वाटही मूळ कंपनीचा अर्ज ओळीने वाचतानाच सुचली होती.