उंची कमी असेल तर आत शिरायचं कसं?

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बॉक्सिंग करतो. त्याच्या वजनगटातली बहुतेक मुलं त्याच्यापेक्षा उंच. तो सरळ अंगावर जातो, तीन-चार ठोसे खातो आणि मग कुठे एक मारतो. प्रशिक्षक म्हणतात, 'जो फ्रेझर बघ.' आम्ही या अमेरिकन बॉक्सरची १९७१ची मुहम्मद अलीविरुद्धची लढत पाहिली. तोही नुसता पुढे पुढेच जात होता. मग फरक कुठे आहे? आणि तीन फेऱ्यांच्या लढतीत ही पद्धत चालते का?
– एक पालक, अकोला

उत्तर : ती लढत पुन्हा लावा आणि या वेळी फ्रेझरचे हात बघूच नका. डोकं आणि गुडघे बघा. ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर ६ फूट ३ इंचांचा अली, हा जेमतेम ५ फूट ११. जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, पल्ल्यात उभा राहिला असता तर फ्रेझर हरलाच असता. म्हणून तो तिथे उभाच राहत नाही. डोकं सतत डावी-उजवीकडे, खाली-वर चालू असतं आणि प्रत्येक हालचालीबरोबर पाय थोडा पुढे सरकतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्यानेही पुष्कळ मार खाल्ला, हे खरं. पण तुमचा मुलगा आधी आत, म्हणजे समोरच्याच्या जवळ, जातो आणि मग ठोसे चुकवायला बघतो. फ्रेझरचं चुकवणं आणि आत जाणं एकाच हालचालीत होतं.

त्याच्या ताकदीचं मूळही तिथेच आहे. जॅबखालून डावीकडे झुकला की सगळं वजन डाव्या पायावर येतं, गुडघा वाकलेला असतो. तिथून तो उठतो, कंबर फिरते आणि कोपरात वाकलेला हात तिच्यामागून येतो. हाच तो डावा हुक. म्हणजे चुकवण्यातूनच ठोसा तयार होतो. लहानपणी डुकराच्या पाठलागात पडून त्याचा डावा हात दुखावला आणि पुढे कधी पुरता सरळ झाला नाही, असं तो सांगायचा. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण त्याने त्याच हाताचा अंगठा मोडलेला असताना जिंकलं. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे.

यांक डरहॅम हे त्याचे मुख्य प्रशिक्षक, पण डोकं खाली ठेवून झुलत आत शिरणं पक्कं करून घेतलं एडी फच यांनी. अली उजव्या हाताने अपरकट (खालून वर येणारा ठोसा) मारताना तो हात खाली आणतो आणि हनुवटीची ती बाजू उघडी पडते, हेही फच यांनीच हेरलं होतं. फ्रेझर आधी बरगड्यांवर मारत राहिला, कारण पोटावर मार बसला की कोपरं खाली येतात. पंधराव्या फेरीत त्या डाव्या हुकने अली आडवा झाला आणि निकाल एकमताने फ्रेझरकडे गेला.

दुसरी बाजूही मुलाला दाखवा. २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन. जॉर्ज फोरमनने तळव्यांनी खांदे ढकलून फ्रेझरला हव्या त्या अंतरावर ठेवलं आणि झुकून आत येताना खालून अपरकट मारले. दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा पडला. एकाच लयीत झुलणाऱ्याला ओळखणं सोपं जातं, हे त्यातून शिकायचं. लय मोडायची, कधी नुसती हूल द्यायची आणि थांबायचं.

तीन फेऱ्यांत चालतं का? चालतं, पण जपून. पंधरा फेऱ्यांच्या लढतीत पोटावरच्या माराचं फळ मिळायला वेळ होता. इथे पहिल्या फेरीपासून लागलेले स्वच्छ ठोसे पंचांना दिसले पाहिजेत. छातीला चिकटून मारलेले दबलेले ठोसे मोजले जात नाहीत. दोन-तीन ठोसे मारायचे आणि बाजूला निघायचं, समोरच्याच्या मिठीत अडकायचं नाही. डोकं पुढे घालून शिरलं किंवा पट्ट्याच्या खाली धोकादायक वाकलं तर रेफरी ताकीद देणार. म्हणून गुडघ्यातून वाका, कमरेतून नाही.

सरावाला हॉलमध्ये खांद्याच्या उंचीवर दोरी बांधा. दोरीखालून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला जात पुढे सरकायचं. नजर कायम समोर, आणि आधी ठोसे मारायचेच नाहीत. पायांना सवय झाली की प्रत्येक वळणावर एक हुक.

स्पारिंगबद्दल, म्हणजे सरावातल्या लढतींबद्दल, मात्र मी कठोर आहे. १९७५मध्ये मनिला इथे अलीविरुद्धच्याच लढतीत चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे डोळे जवळजवळ बंद झाले होते. तो लढायला तयार होता, तरी फच यांनी लढत थांबवली. ही शैली डोक्यावर मार ओढवून घेते. वाढत्या वयात आठवड्यातून अनेकदा जोराचं स्पारिंग नको. प्रशिक्षकांना हे स्पष्ट विचारा आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा.

पुढच्या लढतीचा व्हिडिओ काढाल तेव्हा मुलाचे पाय दिसतील एवढ्या लांबून काढा. बहुतेक पालक कमरेच्या वरचंच टिपतात, आणि मग चूक कुठे होतेय ते प्रशिक्षकांनाही सापडत नाही.