तिसरी पुन्हा? बसू दे की!

*मावशी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. नवऱ्याच्या तीन वर्षांच्या करारावर जूनमध्ये म्युनिकला आलो. मुलगी साडेआठ वर्षांची. इंटरनॅशनल शाळेची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर, कंपनी देत नाही. म्हणून सप्टेंबरात घराजवळच्या सरकारी शाळेत तिसरीत घातलं. अजून वर्गात एक शब्द बोलत नाही. बाई म्हणतात, पुढच्या वर्षी तिसरीच पुन्हा करू दे. बडोद्यात पहिल्या पाचात असायची हो! सासूबाई म्हणतात, पोरीला इकडे पाठव, नाहीतर घरीच शिकव. डिसेंबरात दिराचं लग्न, तर शाळा महिन्याची रजा देत नाही. नवरा सकाळी सातला जातो. मी इथे का आले, तेच कळेनासं झालंय.*

अगं पोरी, आधी तिच्या गप्प बसण्याचं बोलू. नव्या भाषेत पडलेली मुलं कित्येक महिने नुसती ऐकत बसतात. मी लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्यात आले तेव्हा दूधवाला म्हणाला, "काले आवीश." मला वाटलं, काल येऊन गेलो म्हणतोय, आणि मी मराठीतून कडाकडा भांडले. तो बिचारा उद्या येणार होता! पुढे दोन महिने मी दारच उघडलं नाही, सासूबाईंना पुढे करायची. तुझ्या लेकीला वर्गात पुढे करायला कुणी नाही.

ती मधल्या सुट्टीत खेळते का, एवढं बाईंना विचार. घरी बडबड चालू असेल तर वाट बघ. रोज सकाळी पोट दुखायला लागलं किंवा घरातही बोलणं आटलं, तर मात्र मुलांच्या डॉक्टरकडे ने. आणि घरात मराठीच बोल, तुझं मोडकंतोडकं जर्मन तिच्यावर लादू नको. घरी मराठी, ओट्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी हे तिने बडोद्यात केलेलंच आहे. आणखी एका भाषेचं तिला ओझं नाही, पहिल्या पाचातून एकदम मुकं व्हावं लागलं त्याचं आहे.

आता तिसरी. मी बाईंच्या बाजूने आहे. तुमच्या म्युनिकच्या बव्हेरिया राज्यात चौथीच्या मे महिन्यात मिळणाऱ्या दाखल्यावर पुढची शाळा ठरते. जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम (पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (दहावीपर्यंतची मधली शाळा). (तिथे १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट. प्रगतिपुस्तक दाखवण्याआधी सासूबाईंना हे सांग, नाहीतर "गणितात एकच?" म्हणून डोळ्याला पदर लावतील.) सरळ चौथीत गेली तर वीस महिन्यांच्या जर्मनवर हे सगळं. पुन्हा तिसरी केली तर वर्षभर जास्त हाताशी. शिवाय पहिलीपासून तिथे न शिकलेल्या परभाषक मुलांना, कमी फक्त जर्मनची आणि ती भरून निघण्यासारखी असेल, तर ३.३३ पर्यंतही सूट आहे. शाळेत त्याची चौकशी कर.

पण त्याआधी नवऱ्याला बसवून विचार, करार वाढणार आहे का? तीन वर्षांसाठी गेलेले पंधरा वर्षं राहिलेले मी पाहिलेत. परतणारच असाल तर बडोद्यातल्या शाळेला आत्ताच विचारून ठेवा, मुलीला वयाप्रमाणे घेणार की दाखल्याप्रमाणे. दाखल्याप्रमाणे म्हणाले तर पुन्हा तिसरीचा विचार मीही दोनदा करीन.

घरी शिकवायला जर्मनीत परवानगीच नाही, तो विषय संपला. शाळा चालू असताना विनापरवानगी मूल घेऊन गेलात तर दंडही होतो. सासूबाईंना हे पटवणं सोपं आहे. आपल्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होताच की! लग्नाला नाताळच्या सुट्टीत बसतील तेवढेच दिवस या. हळदीला नाही पोचलात तर दीर रुसणार नाही.

लेकीला आजीकडे ठेवायचं म्हणशील तर माझं सरळ नाही. ती आधीच एक घर सोडून आलीय.

राहिलीस तू. फोल्क्सहोखशूलमध्ये मोठ्यांसाठी जर्मनचे स्वस्त वर्ग असतात, येत्या सत्रात नाव घाल. नवऱ्याने आठवड्यातून एक सकाळ मुलीला शाळेत सोडायचं, हे पण ठरवून टाक. विचारू नको, ठरव. आई चुकतमाकत जर्मन बोलते हे लेकीने पाहिलं, की तिची जीभही सैल होईल.

आणि सासूबाईंना काम दे. गुजरातमध्ये आता पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, म्हणजे परतलात तर लेकीला ती लागणार. दर रविवारी फोनवर कक्को, म्हणजे गुजराती मुळाक्षरं, घटवून घ्यायला सांग. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, तुझ्याकडचे बारा वाजू दे मगच फोन लाव. त्याआधी त्यांची वामकुक्षी चालू असेल.