कॅथलिक व्यक्तीची रक्षा माहुलीच्या संगमात विसर्जित करता येते का?

साताऱ्यातील आपल्या कॅथलिक आजोबांचे दहन करून रक्षा माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमात सोडावी, ही घरच्यांची इच्छा धर्माला धरून आहे का, असे आपण विचारले आहे. दहनाला हरकत नाही. कॅथलिकांना पूर्वी असलेली दहनाची बंदी रोमच्या धर्मपीठाने १९६३ मध्येच शिथिल केली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेत दफन श्रेयस्कर मानले असले, तरी ख्रिस्ती श्रद्धेला विरोध म्हणून केलेले दहन तेवढे निषिद्ध आहे. अडचण आहे ती विसर्जनाची. २०१६ च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार रक्षा नातलगांत वाटून घेणे किंवा पाण्यात सोडणे मान्य नाही, कारण ज्या देहाच्या पुनरुत्थानाची आशा आहे त्याची, मग तो ओंजळभर राखेच्या रूपात का असेना, जागा दफनभूमीत, नाव कोरलेल्या दगडाखाली आहे, जिथे २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, कुणीतरी मेणबत्ती लावू शकेल. डिसेंबर २०२३ मध्ये रक्षेचा अगदी अल्प अंश दिवंगताला महत्त्वाच्या वाटणाऱ्या ठिकाणी जपून ठेवण्याची विनंती धर्माधिकाऱ्यांकडे करण्याची वाट मोकळी झाली; मात्र तो ठेवायचा आहे, सोडायचा नाही. नदीशी जिव्हाळा असलेल्या वडीलधाऱ्यांना नियम वाचून दाखवण्यापेक्षा, फादरांना विचारून, रक्षेचा कलश आधी घाटावर न्यावा, तिथे प्रार्थना करावी आणि मग दफनभूमीकडे वळावे, असे मला वाटते.