गन हलकी झाली, पण गोळ्या कोण उचलणार?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेने पायदळासाठी ६.८ मिमीची नवी रायफल, नवी मशीनगन आणि हलका दारूगोळा आणला, तर भारतानेही तेच कॅलिबर, म्हणजे त्याच मापाची गोळी, घ्यावं का, आणि त्याने जवानाचं ओझं कमी होईल का.

घेऊ नये. आणि ओझं कमी होणार नाही, वाढेल.

मी पायदळात एमएमजीवर, म्हणजे मीडियम मशीनगनवर होतो. बराच काळ नंबर दोन, म्हणजे गनरच्या शेजारी पडून बेल्ट भरवणारा. त्यामुळे नव्या रायफलचा फोटो दिसला की लोक तिची ताकद बघतात आणि मला पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी आठवते.

काश्मीरमध्ये एकदा एका धारेवर गन लावायला निघालो होतो. रात्रीची चढण, गुडघ्यापर्यंत बर्फ, पायवाट एका माणसापुरती. आमची ७.६२ ची एमएमजी अकरा किलोच्या आसपास, ट्रायपॉड वेगळा, राखीव बॅरल वेगळी. गन नंबर एकने घेतली. राहिले बेल्ट. या गोळीचं वजन साधारण २४ ग्रॅम, ऐकायला काहीच नाही. पण बेल्टच्या कड्यांसकट हजार गोळ्या धरा, अठ्ठावीस-तीस किलो होतात. एकट्याला ते जमत नाही, म्हणून सगळ्यांत वाटून दिले. प्रत्येकाची स्वतःची रायफल, स्वतःच्या मॅगझिन, पाणी, रेशन होतंच. त्यावर हे.

आमच्यात खटावकडचा एक पोरगा होता, काटक, कधी कुरकुर न करणारा. निम्म्या चढावर त्याचा दम तुटला. बोलायची मनाई, त्यामुळे तो काही न बोलता थांबला, आणि वाट अरुंद म्हणून त्याच्या मागचेही थांबले. पुढच्यांना कळलंच नाही. उजाडायच्या सुमारास आम्ही धारेवर ट्रायपॉड रोवला, गन चढवली, मागे पाहिलं तर कोणी नाही. माझ्या पिठ्ठूतले बेल्ट तेवढेच. एमएमजी मिनिटाला सहाशेच्या वर गोळ्या ओढते. माझ्याकडचं सगळं नीट एक मिनिटही चाललं नसतं. बाकीचे तासाभराने वर आले. त्या तासात मी जितका समोर बघत होतो तितकाच मागे. समोरून कोणी आलं नाही, म्हणून आज हे लिहितोय. तो पोरगा वर आल्यावर कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याचा काय दोष? त्याच्या पाठीवर काय आणि किती घातलं ते बघा.

आता अमेरिकेचं. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी सिग सॉअरला काम दिलं. एक्सएम २५० ही मशीनगन खरंच हलकी आहे, सायलेन्सरसकट साडेसहा किलोच्या आसपास. जुनी एम २४९ साडेआठच्या पुढे. लोक इथेच खूश होऊन थांबतात. पुढे वाचा. जुन्या गनबरोबर ६०० गोळ्या जायच्या, वजन साडेनऊ किलो. नव्या गनबरोबर ४०० गोळ्या जातात, वजन सव्वाबारा किलो. रायफलचंही तेच. आधी २१० गोळ्या ३.४ किलोत बसायच्या, आता १४० गोळ्यांना ४.४ किलो लागतात. दोनशे गोळ्या कमी आणि जवळजवळ तीन किलो जास्त, हे कोणत्या नंबर दोनला विचारून ठरवलं?

कारण सरळ आहे. त्यांना लांबवरून चिलखत भेदायचं होतं. त्यासाठी चेंबरमधला, म्हणजे बॅरलमागे गोळी बसते त्या जागेतला, दाब ८०,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला इतके पौंड) नेला. पुंगळी म्हणजे गोळीमागची दारू भरलेली नळी. नुसती पितळी पुंगळी तेवढा दाब सोसत नाही, म्हणून बूड पोलादाचं आणि अंग पितळेचं केलं. अशा पुंगळीने थोडं वजन वाचलं, पण ते ताकदीत खर्च झालं, जवानाच्या वाट्याला काही आलं नाही.

यावरून माझं आणि आमच्या अण्णांचं कायमचं वाजतं. अण्णा माझे चुलते, ७१ च्या लढाईतले, एसएलआरवाले, म्हणजे ७.६२ च्या जुन्या रायफलवाले. आमचं गाव साताऱ्याकडे, अपशिंग्याच्या बाजूला, घरटी एक तरी फौजी, त्यामुळे जत्रेला पारावर हाच विषय. नंतर आलेल्या इन्सास रायफलच्या ५.५६ च्या लहान गोळीला अण्णा शाळूचा दाणा म्हणतात. त्यांचं एकच, गोळी लागली की माणूस उठता कामा नये. अहो अण्णा, लागली तर! मशीनगनचं काम समोरच्याचं डोकं वर येऊ न देणं आहे, तोवर आपली पोरं पुढे सरकतात. त्याला गोळ्या लागतात, भरपूर लागतात. ५.५६ ची गोळी १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्याच वजनात दुप्पट. हा हिशेब अण्णांना चार माणसांत समजावून सांगितलाय, ते मान्य करत नाहीत.

खरी हलकी गोळी हवी असेल तर पुंगळीकडे बघा. प्लास्टिकच्या पुंगळीवर काम झालंय. गोळी पुंगळीच्या आतच बसवलेली टेलिस्कोप्ड पद्धतही आहे, तिने अमेरिकी चाचण्यांत वजन चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलं. पुंगळीच नको म्हणणाऱ्या जर्मनांच्या जी-११ रायफलला काय अडचणी आल्या तेही वाचा. पितळी पुंगळी बाहेर पडताना उष्णता घेऊन जाते. ती नसली की तापलेल्या चेंबरमध्ये गोळी आपोआप पेटू शकते. तापलेली बॅरल ज्याने बदललीय त्याला हे सांगावं लागत नाही.

आपल्या पायदळात आज मुख्यतः ५.५६, एके-२०३ रायफलची ७.६२×३९ आणि ७.६२×५१ (दुसरा आकडा पुंगळीची लांबी, मिमीमध्ये) अशा तीन गोळ्या आहेत. त्यात चौथी घालून पुरवठ्याचं वाटोळं कशाला? एमएमजी, नेगेव्ह ही हलकी मशीनगन, सिग ७१६ रायफल, पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेची उग्रम रायफल, सगळ्या ७.६२×५१ वरच चालतात. त्याच गोळीला प्लास्टिकची पुंगळी द्या. गन तीच, चेंबर तेच.

एक मात्र सांगतो, डोंगरात पाचशे मीटरच्या पुढे ५.५६ कमी पडते, आणि समोरचा चांगलं चिलखत घालून आला तर आणखी कमी. म्हणून रायफल ७.६२ ची घेतली तर माझी तक्रार नाही. इतकं अण्णांचं बरोबर आहे. पण त्यांचा नातू सध्या भरतीसाठी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळतोय. तो उद्या एमएमजीवर गेला, तर बेल्ट अण्णा नेणार नाहीत, तो नेणार आहे.