दादरच्या हिंदू कॉलनीत जुन्या बिल्डिंगमध्ये घर घ्यावं का?
घ्या, पण आधी कागद नीट बघा. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा आखलं म्हणून इथे रुंद रस्ते आहेत, झाडं आहेत, फाइव्ह गार्डन्सच्या बागा चालत जाण्यासारख्या, आणि उंच छतामुळे आमच्या खोलीत मे महिन्यातही दुपारी गारवा असतो, हे सुख नवीन टॉवरमध्ये नाही हो. फक्त गॅलरीचा स्लॅब खालून बघा, पोपडे सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर खर्च मोठा. आणि ओनरशिप की पागडी हे पहिलं विचारा! पागडीत तुम्ही भाडेकरूच राहता, भाड्याची पावती नावावर करायला घरमालक व्यवहाराच्या पैशात वाटा मागतो, होम लोनही सहसा मिळत नाही.